स्वयंपाकघरांतील देवभक्त : बंधु लॉरेन्स

देवाची आपल्याविषयीं काय इच्छा आहे हें कळावें म्हणून कित्येक ख्रिस्ती जन एखाद्या मोठ्या चिन्हाची वाट पाहत बसतात, आणि हातीं असलेलें रोजचें काम मात्र कसेंबसें उरकतात. हा समज किती चुकीचा आहे, हें फ्रान्स देशांतील एका लंगड्या आचाऱ्याच्या चरित्रावरून दिसून येतें.

त्याचें मूळ नांव निकोला हर्मान. लॉरेन प्रांतांतील एका खेड्यांत, इ. स. १६१४ च्या सुमारास, गरीब आईबापांच्या पोटीं त्याचा जन्म झाला. तो अठरा वर्षांचा असतां हिवाळ्यांत त्यानें एक निष्पर्ण झाड पाहिलें. ह्याच उघड्या फांद्यांस लवकरच पालवी फुटेल, मग फुलें व फळें येतील, असा विचार त्याच्या मनांत आला. आणि देवाच्या सामर्थ्याविषयीं व काळजीविषयीं त्याची जी खातरी झाली, ती अखेरपर्यंत ढळली नाहीं.

त्या काळीं युरोपांत तीस वर्षांचें युद्ध चालू होतें. निकोला शिपाई झाला. शत्रूनें त्यास हेर समजून धरलें व फांशीं देण्याचा धाक घातला. पण तो सुटला. पुढें १६३५ सालीं तो लढाईंत जखमी झाला व घरीं परतला. नंतर त्यानें एका अधिकाऱ्याच्या घरीं चाकरी केली. तेथें त्याच्या धांदरटपणामुळें पुष्कळ वस्तूंची मोडतोड होई.

१६४० सालीं तो पॅरिस येथील कार्मेल संघाच्या रोमन कॅथॉलिक मठांत दाखल झाला. तेथें त्यास लॉरेन्स हें नांव मिळालें. तो विद्वान नसल्यामुळें पाळक न होतां सेवक बंधु झाला, आणि त्याच्या वांट्यास मठाचें स्वयंपाकघर आलें. ह्या कामाचा त्यास स्वभावतःच कंटाळा होता. शिवाय पहिलीं दहा वर्षें त्याच्या अंतःकरणास स्वस्थता नव्हती. पूर्वींचीं पापें आठवून तो व्याकुळ होई. आपला नाश ठरलेलाच आहे, असें त्यास कित्येक वर्षें वाटे. शेवटीं त्यानें निश्चय केला कीं, जन्मभर शांति न मिळाली तरी चालेल, परंतु जें करावयाचें तें देवाच्या प्रीतीस्तवच करावें. असा निश्चय होतांच त्यास जी शांति प्राप्त झाली, ती पुढें टिकली.

तेव्हांपासून चूल हीच त्याची वेदी झाली. तव्यावरील पदार्थ उलथणें असो कीं भुईवरची काडी उचलणें असो, तें तो देवाकरितां करी. काम आरंभतांना साहाय्य मागे, संपतांना उपकार मानी, आणि चूक झाल्यास ती देवाजवळ कबूल करून, खंत करीत न बसतां पुन्हां कामास लागे. एकदां मठाकरितां द्राक्षारस विकत आणण्यास त्यास बर्गंडी प्रांतीं पाठविलें. व्यवहाराचें ज्ञान नाहीं, पाय अधू. नावेंत पिंपांवरून लोळतच त्यास सरकावें लागे. पण हें काम देवाचें आहे असें म्हणून तो गेला, आणि काम चांगलें पार पडलें.

सुमारें पंधरा वर्षें चुलीजवळ घालविल्यावर तो बंधुजनांच्या वहाणा दुरुस्त करूं लागला. तारीख १२ फेब्रुवारी १६९१ रोजीं तो प्रभूमध्यें झोंपीं गेला. पुढच्याच वर्षीं आबे द बोफोर नामक पाळकानें त्याचीं पत्रें छापून प्रसिद्ध केलीं. पुढें जॉन वेस्ली ह्यांनीं त्यांतील उतारे आपल्या ग्रंथमालेंत घेतले.

प्रिय वाचकहो, रोमन मंडळीचीं कित्येक मतें आपणांस मान्य नाहींत. तथापि ह्या बंधूचा कित्ता आपण गिरवावा. नको असलेल्या गांवीं नेमलेला उपदेशक, भाकरी थापणारी बहीण, दुसऱ्याच्या शेतांत राबणारा भाऊ, ह्यांनीं देवाची इच्छा शोधण्यास दूर जावयास नको. आजचें नेमलेलें काम त्याच्या समक्ष व त्याच्या प्रीतीस्तव करावें. उद्यांची वाट तो उद्यां दाखवील.