बॉम्बची विद्या शिकलेले सेनापती

सेनापती बापट मार्ग पुण्यात आहे आणि मुंबईतही आहे. तिकडून बंगळूरला येऊन स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेकांनी त्या रस्त्यांवर बसची वाट पाहिली असेल. परंतु हे बापट इंजिनिअरिंग शिकायला विलायतेला गेले होते आणि स्फोटकांची विद्या घेऊन परतले, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पारनेरचा. डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर ते १९०४ मध्ये एडिंबरोला गेले. इंग्रजी राज्यावर टीका करणारे भाषण केले आणि शिष्यवृत्ती गेली. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये सावरकरांशी गाठ पडली. पुढे पॅरिसमधील रशियन क्रांतिकारकांकडून बापट आणि बंगालचे हेमचंद्र दास यांनी बॉम्बची रशियन पुस्तिका मिळवली. तिचे इंग्रजी भाषांतर करवून घेतले व त्याच्या प्रती १९०८ मध्ये हिंदुस्थानात आणल्या.

त्या पुस्तिकेचे एवढे अप्रूप का, हे कळायला थोडे रसायनशास्त्र हवे. लाकूड जळते ते हवेतला ऑक्सिजन घेऊन. स्फोटक द्रव्य आपला ऑक्सिजन पोटातच बाळगते, म्हणून खडकातल्या बंद भोकातही क्षणार्धात त्याचा तापलेला वायू होतो. सोरा, कोळसा व गंधक यांची काळी दारू भराभर जळते आणि दगडाला ढकलते. डायनामाइटचे तसे नाही. त्यातून आवाजापेक्षा कितीतरी वेगवान धक्का निघतो, सेकंदाला काही हजार मीटर, आणि दगडाच्या ठिकऱ्या उडतात. खंडाळ्याच्या घाटातील रेल्वेचे बोगदे १८६३ पर्यंत काळ्या दारूवरच फोडले गेले, कारण नोबेलचे डायनामाइट १८६७ चे. आपल्या के. आर. पुरमवरून जुन्या मद्रास रस्त्याने पुढे गेले की कोलारची वाट लागते. तिथल्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद पडल्या, पण त्या तीन किलोमीटरहून खोल गेल्या त्या सुरुंगांच्याच जोरावर.

पॅरिसहून आलेली विद्या मात्र दगडासाठी नव्हती. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला न्यायाधीश किंग्जफर्ड यांच्यासाठी टाकलेला बॉम्ब भलत्याच गाडीवर पडला आणि दोन निरपराध स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. ८ जूनला सरकारने स्फोटक पदार्थांचा नवा कायदा केलासुद्धा. (दारूच्या कारखान्यांसाठी व साठ्यांसाठी १८८४ चा कायदा आधीच होता. त्या कायद्याखालील परवान्यांचे मुख्य कार्यालय आज आपल्या नागपुरात आहे.) या बॉम्बवर केसरीत लिहिलेल्या अग्रलेखांपायीच गणेशोत्सव सार्वजनिक करणाऱ्या लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावे लागले.

मुझफ्फरपूरच्या घटनेत बापटांचा प्रत्यक्ष हात नव्हता. तरी त्यांना भूमिगत व्हावे लागले. देशभर वेषांतर करून हिंडताना त्यांच्या ध्यानात आले की, आपण परक्यांच्या राज्यात आहोत हेच बहुसंख्य लोकांना माहीत नाही. जिथे ऐकणाराच जागा नाही, तिथे धमाका करून काय उपयोग? माझ्या मते त्यांच्या आयुष्याचे खरे वळण हेच. १९१२ मध्ये ते पकडले गेले आणि १९१५ पर्यंत सुटले. मग पॅरिसहून बॉम्बची पुस्तिका आणणाऱ्या या माणसाने गावात झाडू हाती घेतला.

१९२१ साली मुळशीला टाटांच्या धरणाविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांचा सत्याग्रह सुरू झाला आणि बापट त्याचे सेनापती झाले. हे बिरुद तिथलेच. मुंबईला वीज हवी होती, आणि तीसाठी जमिनी मावळ्यांच्या जाणार होत्या. धरण म्हटले की सुरुंग आलेच. ती विद्या सत्याग्रहींत बापटांइतकी कुणाला असणार? पण धरण उडवायचा मार्ग त्यांनी धरला नाही. धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली आणि त्यासाठी सात वर्षांची शिक्षा भोगली. १९३१ साली सुटले तेव्हा धरण पुरे होऊन गावे पाण्याखाली गेली होती.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान सेनापतींना देण्यात आला. नंतर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते उतरले, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते गेले.