अंकांचे सोबती

१, ११, १११ अशा केवळ एकांनी बनलेल्या संख्यांचे वर्ग करीत गेले, तर १, १२१, १२३२१ अशी उत्तरे येतात. नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा सतरा अंकी असतो. त्यातील अंक एकापासून नवापर्यंत पायरीपायरीने चढतात आणि तसेच खाली उतरतात. अशा संख्यांच्या अभ्यासात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या शाळामास्तरांनी सारे आयुष्य वेचले.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यांच्या सहवासात मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्यास शालेय शिक्षण संपवून कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळील देवळालीस अध्यापन केले.

वनस्पतिशास्त्रज्ञ झाडांची कुळे ठरवितो, तशी कापरेकरांनी संख्यांची कुळे ठरविली. आगगाडीच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर त्यांना एका कुळाची कल्पना सुचली. म्हणून त्यास त्यांनी डेम्लो संख्या हे नाव दिले. वरील सतरा अंकी संख्या याच कुळातील होय. जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी संख्या. वरील संख्येतील अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने तिला पूर्ण भाग जातो. अर्थात ती हर्षदही आहे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० व २५ असे भाग करून मिळविले की पुन्हा ४५ येतात. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात.

कापरेकरांपाशी गणितातील उच्च पदवी नव्हती. कित्येक विद्वानांना त्यांचे संशोधन पोरखेळ वाटे. काही पुस्तिका तर त्यांना स्वतःच छापाव्या लागल्या. निवृत्तीनंतर वेतन अपुरे पडे, म्हणून ते शिकवण्या करीत. तथापि त्यांनी अंकांची सोबत सोडली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्या कार्याची ओळख करून दिली, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

१९४६ साली त्यांना ६१७४ ही संख्या गवसली. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करीत जावे. फार तर सात वेळांत ६१७४ येतात आणि मग उत्तर बदलत नाही. या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात. तिचा पडताळा पाहण्यास आजही पाटी आणि पेन्सिल पुरेशी आहे. कापरेकरांपाशीही त्याहून फारसे अधिक नव्हते.