मोरचूद आणि साखरेतून ‘झाड’ उगवणारा डॉक्टर, ज्याच्या कृत्रिम पेशींना विज्ञान अकादमीने दार बंद केलं

मोरचूद आणि साखर मिसळून केलेली एक बारीकशी गोळी. ती काचेच्या भांड्यातल्या द्रावणात टाकली की तिला कोंब फुटायचा, मग फांद्या. बघणाऱ्याला वाटायचं, बी रुजलं!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रयोग गाजवला स्तेफान लेद्यूक यांनी. जन्म १८५३ चा, फ्रान्समधल्या नांत शहरात वैद्यकीय शाळेत प्राध्यापक.

यात जादू काहीच नव्हती. द्रावणात पोटॅशियम फेरोसायनाइड असायचं. मोरचुदाशी त्याची गाठ पडली की गोळीभोवती पातळ पडदा धरायचा. त्यातून पाणी आत जातं, साखर बाहेर येत नाही. भिजत घातलेला मनुका फुगतो, तसंच. फुगून पडदा फाटला की आतला द्रव बाहेर येतो आणि त्याच्याभोवती लगेच नवा पडदा तयार होतो. असं फाटत-सांधत ‘झाड’ वाढत जातं. असे पडदे मोरित्झ ट्राउबे या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्येच केले होते. पण लेद्यूक यांचं म्हणणं धाडसाचं होतं. रसायनं प्रयोगशाळेत बनवता येतात, मग पेशी का नाही? १९१२ मध्ये त्यांनी पुस्तकच काढलं, नाव ‘कृत्रिम जीवशास्त्र’ या अर्थाचं.

फ्रान्स म्हणजे पाश्चर यांचा देश. निर्जीवातून जीव आपोआप जन्मत नाही, हे तिथे ठाम झालेलं. १९०७ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने लेद्यूक यांचं हे काम आपल्या अहवालांत छापायला नकार दिला.

माणूस मात्र वेडगळ नव्हता. विजेच्या सौम्य प्रवाहाने औषध त्वचेतून आत ढकलता येतं, हे त्यांनी दोन सशांवर दाखवलं. एकाच्या अंगावर स्ट्रिक्निन, दुसऱ्याच्या अंगावर सायनाइड. प्रवाह एका दिशेने सोडला तर दोघेही मेले. दिशा उलटी केली तर विष आत शिरलंच नाही. तळहातांना अति घाम येणाऱ्यांवर आजही याच तंत्राने उपचार होतात. विजेने भूल देण्याचा प्रयोग तर त्यांनी स्वतःवरही करून घेतला.

कृत्रिम पेशींच्या बाबतीत मात्र टीकाकारांचं बरोबर होतं. ती ‘झाडं’ ना अन्न पचवत, ना वंश वाढवत. आकार सजीवाचा, बाकी सगळं मीठ-पाणी. लेद्यूक १९३९ मध्ये वारले, तोवर त्यांचं हे काम मागे पडलं होतं.

पेशीसारखा पडदा मात्र औषधाच्या कामी आला. १९५७ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात थॉमस चांग या विद्यार्थ्याने हिमोग्लोबिन कृत्रिम पडद्यात बंद करून पाहिलं. आकार सजीवासारखा दिसावा, हा त्यांचा हट्टच नव्हता. पुढे त्यांनी कोळशाच्या कणांना असंच आवरण दिलं. रुग्णाचं रक्त शरीराबाहेर काढून त्या कणांवरून फिरवलं की विष पडद्यातून आत जाऊन कोळशाला चिकटतं, आणि रक्तपेशी बाहेरूनच पुढे जातात.