झान तूसाँ

गणेशोत्सवापूर्वी काळाचौकी-लालबागच्या मूर्तिशाळांत डोकावले, तर गजमुखाच्या सोंडेला वळण देताना मूर्तिकाराचा हात किती जपून चालतो, हे दिसते. मूर्ती मोठी असल्याने तेथे चूक सावरता येते. परंतु मनगटावर बसेल एवढ्याशा सोन्यात जिवंत वाटणारे जनावर घडवावयाचे झाले तर? हे अवघड काम पॅरिसच्या एका स्त्रीने कारागिरांकडून करवून घेतले. नवल असे, की तिला स्वतःला चित्र काढता येत नव्हते!

तिचे नाव झान तूसाँ. १८८७ साली बेल्जियममधील शार्लरुआ गावी तिचा जन्म झाला. तरुण वयातच ती पॅरिसला आली. तेथील विख्यात जवाहीर लुई कार्तिए याने तिची रसिकता हेरली. प्रथम तिच्याकडे हातपिशव्यांसारख्या वस्तूंचे काम आले आणि १९३३ साली मौल्यवान अलंकारांच्या विभागाची सूत्रे तिच्या हाती देण्यात आली.

आपल्याकडील मकरमुखी कडी तुम्ही पाहिली असतील. त्यांची दोन्ही टोके मकराच्या मुखात संपतात. या कड्यांवरून कार्तिएंच्या पेढीत पूर्वीच कंकणे घडविली गेली होती. झानला मात्र केवळ मुख पुरेसे वाटेना; तिला सबंध प्राणी हवा होता.

इतक्यात महायुद्ध पेटले. १९४० साली पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले. उघड बोलण्याची सोय उरली नव्हती. १९४२ साली झानच्या देखरेखीखाली पिंजऱ्यात कोंडलेल्या पक्ष्याचा अलंकार तयार झाला आणि तो दुकानाच्या दर्शनी भागात मांडण्यात आला. त्याचा अर्थ वाटसरूंना कळला, तसा तो शत्रूलाही कळला. जर्मन गुप्त पोलिसांनी तिला नेऊन तिची कसून चौकशी केली, असे सांगतात. १९४४ साली पॅरिस मुक्त झाले. तेव्हा तिने तोच पक्षी पुन्हा घडवून घेतला. या वेळी पिंजऱ्याचे दार उघडे होते आणि पक्ष्याने पंख पसरले होते.

युद्धानंतर तिने आपले आवडते श्वापद हाती घेतले. ते म्हणजे बिबळ्या. तिचा सहकारी पीटर लमार्शाँ व्हँसेनच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन बिबळ्यांच्या हालचाली न्याहाळी आणि रेखाटनांत उतरवी. १९४८ साली मोठ्या पाचूवर बसलेला सोन्याचा बिबळ्या तयार झाला. तो विंडसरच्या डचेसने धारण केला. तिच्याचसाठी १९५२ साली प्लॅटिनम, हिरे आणि काळा गोमेद यांचे कंकण झाले. त्याचे तुकडे सांध्यांनी असे जोडले होते, की मनगटावर घालताच बिबळ्या अंग वळवून विसावे. पुढे १९५६ साली सोन्याचा पट्टेदार वाघही आला. माझ्या मते अशा वस्तूला दागिना म्हणण्यापेक्षा शिल्प म्हणणेच अधिक योग्य; एवढेच, की ते देवळात वा चौकात उभे नसते, माणसाच्या हाताबरोबर हिंडते.

झान १९७६ साली वारली. डचेसचे ते बिबळ्याचे कंकण २०१० साली लंडनच्या लिलावात पंचेचाळीस लाख पौंडांहून अधिक किमतीस गेले.