सर मुहम्मद युसूफ : पित्याच्या नावे सदका

दिव्याहून पनवेलच्या गाडीने आपण अनेकदा गेला असाल. पनवेलच्या पुढे, खाडीकाठी न्हावा हे गाव आहे. जहाजव्यवसायातील धनिक सर मुहम्मद युसूफ यांनी 1910 मध्ये तेथे नाविक शिक्षणाची संस्था स्थापन केली. ती आज ‘ट्रेनिंग शिप रहमान’ या नावाने ओळखली जाते.

1914 मध्ये त्यांनी मुस्लिमांच्या उच्च शिक्षणासाठी आठ लाख रुपये दिले. त्या काळी ही रक्कम अफाट होती. महाविद्यालय मात्र 1930 मध्ये जोगेश्वरीच्या टेकडीवर सुरू झाले. त्यास त्यांनी स्वतःचे नव्हे, पित्याचे नाव लाभू दिले : इस्माईल युसूफ महाविद्यालय. तेथे पुढे सर्वच समाजांची मुले शिकली.

मृत्यूनंतरही माणसाच्या खात्यात सवाब जमा होत राहतो, तो सदका-ए-जारिया, उपयुक्त ज्ञान आणि नेक संततीची दुआ यांमुळे. या पुत्राच्या एका दानात तिन्हींचा संगम दिसतो. आठ लाख आपल्यापाशी नसतील. परंतु आपल्याच चाळीतील एखाद्या गरजू मुलाची फी दिवंगत आईवडिलांच्या नावे भरणे आपणांस खचितच शक्य आहे. त्यासाठी आणखी कशाची वाट पाहावी?

अल्लाह त्यांची सेवा कबूल करो. आमीन.