कै. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर : गोमंतकाच्या दप्तराचे राखणदार

सत्तरी महालातील पिसुर्ले या गावी ३० मे १८९४ रोजी डॉ. पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर यांचा जन्म झाला. गाव डिचोली महालाच्या सीमेलगतचे. डिचोली व सत्तरी हे महाल १७८१-८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगेजांच्या ताब्यात गेले. त्यापूर्वी दीर्घकाळ हा मुलूख त्यांच्या अमलाबाहेर होता. म्हणूनच तिसवाडी-बारदेशातून निघालेल्या काही दैवतांना नदीपलीकडे येथे आसरा मिळाला. देव हलले, त्यांचे महाजन हलले; मूळ स्थानी जे उरले त्याचा शोध घेणारा पुरुष याच भूमीत निपजावा, हे यथायोग्यच झाले.

१९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोमंतकीय हिंदूंना नागरी हक्कांची समानता लाभली. या पालटाचा लाभ झालेली जी पहिली पिढी, तीत पिसुर्लेकर होते. मराठी व संस्कृत ही त्यांची आपली विद्या. पोर्तुगेजही त्यांनी अशी आत्मसात केली की, त्या भाषेतील पंडितांनीही त्यांना मानावे. १९३१ मध्ये पणजीच्या सरकारी दप्तरखान्याची सूत्रे त्यांच्या हाती आली, ती १९६१ पर्यंत राहिली.

हा दप्तरखाना १५९५ साली स्थापन झालेला; इतिहासकार दियोगु द कौतु हे त्याचे पहिले अधिकारी. मोसमी वाऱ्यांबरोबर लिस्बनहून येणाऱ्या व तिकडे जाणाऱ्या पत्रव्यवहाराची बाडे, शेजारच्या राजांशी झालेली पत्रापत्री, राज्यमंडळाचे ठराव, सारे तेथे होते. मोसमी बाडांपैकी ६२ बाडे १७७७ मध्येच लिस्बनला रवाना झाली होती. उरलेल्यांचे वैरी गोव्याचा पावसाळा, कसर आणि वाळवी! पिसुर्लेकरांनी ते कागद लावले, वाचले आणि अभ्यासकांस खुले केले. राज्यमंडळाच्या ठरावांचे पाच खंड त्यांनी संपादिले; १९५५ मध्ये दप्तरखान्याचा मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केला; पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. परकी सत्तेची चाकरी त्यांनी केली, हे खरे. परंतु त्या चाकरीतूनच मराठ्यांच्या इतिहासाला एवढे मोठे साधन लाभले, हेही तितकेच खरे.

ताम्रपट व शिलालेख यांकडेही त्यांची दृष्टी होती. याच सुमारास फादर हेरास यांनी १९२९ मध्ये चांदर येथे उत्खनन केले व १९३० मध्ये पेडण्यासमोरील कोलवाळात त्यांना बुद्धमूर्ती आढळली. परंतु जमिनीतून निघालेला दगड जागेवरून हलला की बहुधा मुका होतो. तो कोणत्या देवळाचा, त्या देवळाची जमीन कोणती, हे सांगतो तो कागद. सासष्टीतील देवालये १५६७ मध्ये पाडली गेली आणि त्यांच्या जमिनींची नोंदवही सरकारने कर वसुलीसाठी करविली. पाडणाऱ्यांच्याच हिशेबात देवांची नावे जिवंत राहिली, हा केवढा दैवयोग!

१९६९ मध्ये पिसुर्लेकर निवर्तले. त्यांच्या पिसुर्ल्याचे डोंगर पुढे लोहखनिजासाठी पोखरले गेले. पेडण्यात मोपाच्या पठारावर २०२२ मध्ये विमानतळ उभा राहिला. अशा कामांत आधी यंत्र चालते आणि मागाहून कोणी तेथे काय होते म्हणून विचारतो. हा क्रम उलटा असावयास हवा, हे पिसुर्लेकरांच्या दप्तराकडे पाहता सहज उमगते. खाणीने गिळलेल्या टेकडीवरचे स्थान पुन्हा मांडता येत नाही, आणि त्याची नोंदही नसेल तर ते दोनदा नाहीसे होते.

डिचोलीतील नार्वे येथे मात्र दगड व कागद दोन्ही टिकले. दिवाडीहून आलेल्या श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी शके १५९०, म्हणजे इ. स. १६६८ मध्ये आरंभिला, असे तेथील शिलालेख सांगतो. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने त्या देवळाची डागडुजी केली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ते भाविकांस पुन्हा खुले झाले. तो शिलालेख आजही प्रवेशद्वारावर आहे.