फुटक्या खापऱ्यांचा इतिहासकार : सर फ्लिंडर्स पेट्री

उत्खनन म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे सोन्याने भरलेली थडगी उभी राहतात. १९२२ साली हॉवर्ड कार्टर यांनी मिसर देशात तूतनखामेन राजाचे थडगे शोधून काढले, तेव्हापासून तर ही समजूत फारच दृढ झाली. परंतु तेच कार्टर १८९२ साली ज्यांच्या हाताखाली उत्खननाचे धडे शिकले, त्या सर फ्लिंडर्स पेट्री यांनी आपले आयुष्य फुटक्या खापऱ्या वेचण्यात घालविले.

पेट्री यांचा जन्म ३ जून १८५३ रोजी लंडनजवळ चार्लटन येथे झाला. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे नकाशे काढणारे कप्तान मॅथ्यू फ्लिंडर्स हे त्यांचे मातामह. प्रकृती नाजूक, म्हणून त्यांस शाळेत घातलेच नाही. (शाळेच्या वार्षिकात हे सांगणे जरा अवघडच, पण सत्य ते सत्य!) वडिलांनी त्यांस भूमापन शिकविले.

वडील मोठे धर्मनिष्ठ. गिझा येथील महान पिरॅमिड ईश्वरी प्रेरणेने बांधला असून त्याच्या मापांत गूढ ज्ञान साठविले आहे, असे पिआझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञाचे मत होते. ते वडिलांस पटले होते व पुत्रासही आकर्षक वाटत होते. ते मोजून पाहावे म्हणून १८८० च्या अखेरीस सत्तावीस वर्षांचे पेट्री गिझा येथे गेले. खडकात कोरलेल्या एका जुन्या थडग्यात त्यांनी बिऱ्हाड केले. दिवसा प्रवाशांची वर्दळ असे, म्हणून आतील मोजणी रात्री चाले. उष्मा एवढा की अंगावर वस्त्र ठेवणे कठीण होई. दोन हिवाळ्यांच्या श्रमानंतर आकडे हाती आले. पायथ्याची बाजू सरासरी सुमारे ९,०६९ इंच भरली. स्मिथ यांच्या उपपत्तीस हवी होती ती जवळजवळ सहा फूट अधिक! पेट्री यांनी आकड्यांची ओढाताण केली नाही. १८८३ साली त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि वडिलांची आवडती उपपत्ती आपल्याच हाताने मोडली. देवाच्या वचनास इंचांचा टेकू लागत नाही, हे पुष्कळ भाविकांस उमगावयास मात्र बराच काळ लागला.

त्या काळी उत्खनन म्हणजे बहुधा लूटच असे. पुतळे व शिलालेख उचलावयाचे, बाकीचे फेकून द्यावयाचे. पेट्री यांस हे पाहवेना. मणी, विटा, मडक्यांचे काठ, जे सापडेल ते ठिकाणाच्या नोंदीसह ते जपून ठेवीत. १८९० साली पॅलेस्टाईनमधील तेल अल्-हेसी या टेकाडावर त्यांनी सहा आठवडे काम केले. ओढ्याने टेकाडाची एक बाजू कापून काढली होती, त्यामुळे गावावर गाव कसे वसत गेले त्याचे थर उघडे पडले होते. प्रत्येक थरातील मडकी निराळी! मडक्याची घडण ओळखता आली की थराचा काळ कळावा, ही युक्ती त्यांस येथे साधली. आपल्याकडे संगमनेरजवळील जोर्वे येथे १९५०-५१ साली उत्खनन झाले व तेथील मडक्यांवरून दख्खनच्या एका प्राचीन संस्कृतीस जोर्वे हे नाव पडले, तेही याच विद्येच्या बळावर.

पुढे मिसर देशात नकादा येथे त्यांस दोन हजारांहून अधिक थडगी सापडली. लेख मात्र एकही नाही. तेथील लोक परके असावेत हा त्यांचा पहिला तर्क साफ चुकला. ते राजवंशांपूर्वीचे मिसरीच होते. मग त्यांचा काळ ठरवावा कसा? पेट्री यांनी सुमारे नऊशे थडग्यांची एकेक पट्टी केली व तीवर त्या त्या थडग्यातील मडक्यांचे प्रकार लिहिले. एका जातीच्या मडक्यास आरंभी चांगल्या मुठी असत. त्या पिढीगणिक लहान होत शेवटी नुसती नागमोडी रेघ उरे. त्या धाग्याने पट्ट्या मागेपुढे लावून त्यांनी काळाचा क्रम बसविला.

सापडलेली वस्तू मजुराने चोरून विकू नये म्हणून ते तिची बाजारभावाने किंमत त्यालाच देत. कुफ्त गावच्या मजुरांस त्यांनी असे तयार केले की उत्खनन हा तेथील घराण्यांचा पिढीजात धंदा झाला. स्वतः पेट्री डबाबंद अन्नावर राहत. पत्नी हिल्डा याही त्यांच्याबरोबर काम करीत. मानववंशांच्या उच्चनीचतेविषयी पेट्री यांची मते मात्र त्याज्य होती. ती लपविण्यात अर्थ नाही.

१८९६ साली थीब्ज येथे त्यांस मेर्नेप्ताह राजाचा शिलालेख मिळाला. त्यात इस्राएलाचे नाव आहे. पवित्र शास्त्राबाहेर या नामाचा इतका जुना निर्विवाद उल्लेख अन्यत्र सापडलेला नाही. तथापि मला अधिक मोलाची वाटते ती १९०३ सालची गोष्ट. अबायडोस येथे हस्तिदंताची एक चिमुकली बैठी मूर्ती निघाली, पण तिला मस्तक नव्हते. आसनावरील नाव खूफूचे, म्हणजे महान पिरॅमिड बांधविणाऱ्या राजाचे! पेट्री यांनी मातीचे ढिगारे चाळण्यास लावले. तीन आठवडे चाळण चालली, तेव्हा बोटाच्या पेराएवढे ते मस्तक सापडले. सारी मूर्ती अवघी तीन इंचांची.

१९२३ साली त्यांस सर ही पदवी मिळाली. अखेरची वर्षे त्यांनी जेरुसलेम येथे काढली. तेथेच २८ जुलै १९४२ रोजी त्यांचे देहावसान झाले व सियोन डोंगरावरील दफनभूमीत त्यांस मूठमाती देण्यात आली.